आगगाडीचें तिकीट : यंत्र आणि माणसें

१९८५ सालापूर्वीं लांबच्या प्रवासासाठीं आगगाडींत जागा राखून ठेवावयाची म्हणजे एक लहानसें अनुष्ठानच असे. गाडी निराळी, तारीख निराळी, कीं नोंदणीचें पानही निराळें. तें ज्या खिडकीपाशीं असेल तिच्यापुढें पहांटेपासून, क्वचित् आदल्या रात्रीपासून, रांग लागावयाची. परतीची जागा हवी असल्यास दुसऱ्या गांवीं तार जावयाची, आणि उत्तर येईपर्यंत मुलाबाळांसह निघालेल्या गृहस्थाचा जीव टांगणीला लागावयाचा. श्रोत्यांपैकीं ज्यांचे केस आतां पांढरे झाले आहेत त्यांना ती रांग आठवत असेलच. वहीवर सत्ता कारकुनाची असे, आणि कारकुनाशीं ओळख असणाऱ्याचा दिमाख त्याहूनही अधिक असे.

त्या सुमारास दिल्लीस हें काम संगणकाकडे सोंपविण्याचा प्रयोग सुरू झाला. संगणक म्हणजे माणसाच्या पोटावर पाय, अशी धास्ती त्या काळीं बँका, विमा आणि सरकारी कचेऱ्या यांत सर्वत्र होती. आगगाडीच्या तिकीटघरांत मात्र कारकून खिडकीआड कायम राहिला. त्याच्या पुढ्यांतील वही तेवढी गेली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचें तिकीट मिळूं लागलें, आणि ओळखीची किंमत एकदम उतरली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथील पांच केंद्रें १९९९ सालीं एकमेकांस जोडलीं गेलीं, तेव्हां मुंबईंत बसून दुसऱ्या कोणत्याही गांवाहून निघणाऱ्या गाडीची जागा मिळणें शक्य झालें. तारेची वाट पाहणें संपलें.

परंतु यंत्र आलें म्हणून समाज आपल्या संवयी टाकून देत नाहीं. २००२ सालीं घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय झाली. पण तें तिकीट छापून माणसाच्या हातीं घरपोंच पाठवावें लागे. कागदावांचून प्रवास, ही कल्पनाच कोणास पटणारी नव्हती. पुढें २००५ सालीं घरीं छापावयाचें तिकीट आलें, आणि कांहीं वर्षांनीं मोबाईलवरील संदेशही ग्राह्य झाला. तरी आजही कित्येक मंडळी स्थानकाजवळच्या दुकानांतून तो मजकूर छापून घेतात, त्याची घडी घालतात आणि पाकिटांत ठेवतात. त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. मोबाईलचा प्राण मध्येंच गेला तर काय करावें, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा अनुभव याहून मौजेचा. स्थानकांवर आपोआप तिकीट देणारीं यंत्रें बसविलीं गेलीं, कीं रांग हटावी. लोक यंत्राकडे पाहात आणि पुन्हां रांगेंत जाऊन उभे राहात. तेव्हां रेल्वेनें निवृत्त रेल्वे कर्मचारी थोड्या कमिशनवर त्या यंत्रांपाशीं उभे केले. बटणें ते दाबतात आणि तिकीट प्रवाशास देतात. माणसाची जागा घेण्यासाठीं आलेल्या यंत्राला माणूस जोडून द्यावा लागला! २०१४ सालीं मोबाईलवर उपनगरी तिकीट काढण्याची सोय निघाली, तिची घडणही प्रवाशांच्या स्वभावानेंच ठरविली. तपासनीस दिसतांच घाईनें तिकीट काढणारे चतुर लोक असणारच, हें ओळखून स्थानकाच्या आवारांत व रुळांच्या अगदीं जवळ तें तिकीट निघूं नये अशी योजना करावी लागली.

खरा पेंच पडला तो तत्काळ तिकिटांत. १९९७ सालीं ही पद्धत निघाली ती अकस्मात् प्रवासास निघावें लागणाऱ्यासाठीं. कोणाची आई आजारी, कोणाची मुलाखत परवां. सकाळीं दहा वाजतां वातानुकूलित आणि अकरा वाजतां इतर वर्गांची विक्री सुरू होते. सामान्य माणूस नांव व वय लिहीत असतो, तोंच दलालांच्या संगणकांनीं जागा उचललेल्या असतात. असल्या दलालीस १९८९ च्या रेल्वे कायद्यांत शिक्षा आहे. पण जेथें जागा थोड्या आणि निकड मोठी, तेथें दलाल उगवतोच. त्यावर उपाय म्हणून १ जुलै २०२५ पासून आधारची खातरजमा झालेल्या खातेदारासच इंटरनेटवर तत्काळ तिकीट काढतां येतें, आणि अधिकृत एजंटांनाही विक्रीच्या पहिल्या अर्ध्या तासांत मज्जाव आहे.

उपाय योग्यच आहे. परंतु त्याचा भार कोणावर पडतो तेंही पाहिलें पाहिजे. ज्याच्या घरीं शिकलेला मुलगा आहे, त्याचें काम पुण्यांत बसलेला मुलगा आपल्या खात्यावरून करून टाकतो. बांधकामावरचा मजूर मात्र गावीं जाण्यासाठीं नाक्यावरच्या अधिकृत एजंटाकडेच जात असतो. तो एजंट अर्धा तास गप्प बसावयाचा आणि तोंवर जागा संपावयाच्या. मग मजुरानें स्थानकाच्या खिडकीपुढें पहांटे उभें राहावें, आणि रोजगार बुडवावा.

प्रतीक्षा-यादीचीही तीच तऱ्हा. इंटरनेटवरील तिकीट अखेरपर्यंत यादींतच राहिलें तर तें आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे मात्र मागून घ्यावे लागतात.

२०१८ सालीं मोठ्या स्थानकांवर डब्यावर नांवांची यादी डकविणें बंद झालें. त्या यादीपुढें लोक गोळा होत, आपलें नांव बोटानें शोधीत, शेजारी कोण आहे तें वाचीत आणि गाडी सुटण्यापूर्वींच ओळख करून घेत. आतां ती यादी तपासनिसाच्या हातांतील यंत्रांत असते, आणि शेजारी कोण तें तो येऊन बसल्यावरच कळतें.