गाळा हाती आला, माहिती कुठे गेली? भिवंडीची गोदामं आणि बिम

आजचा विषय आहे बिम, आणि भिवंडीत बसून हा शब्द उच्चारायचा म्हणजे आधी खुलासा करावा लागतो. यंत्रमागवाल्याला बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला तो मोठा रूळ, सायझिंगमधून टेम्पोत भरून येतो तो. साइटवरच्या मिस्त्रीला बीम म्हणजे तुळई. आणि आम्ही ऑफिसात बसून बोलतो ते बिम म्हणजे बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग. तीन वेगळ्या गोष्टी. पण मला विचाराल तर आमचं बिम त्या मागाच्या बीमला जास्त जवळचं आहे. सायझिंगमधून बीम येतो तेव्हा सूत कोणतं, तारा किती, लांबी किती ही माहिती सोबत येते. ती नसेल तर मागवाला तो मागावर चढवेल कसा? आणि इकडे कोट्यवधींचं गोदाम मालकाच्या ताब्यात जातं तेव्हा सोबत काय येतं? किल्ल्यांचा जुडगा, एक पेन ड्राइव्ह, आणि ड्रॉइंगची गुंडाळी. ती गुंडाळीही बऱ्याचदा काम सुरू होण्याआधीची असते, म्हणजे प्रत्यक्षात बांधलं गेलं ते त्यात नसतंच.

मी मानकोली, काल्हेर, वडपे या पट्ट्यात गोदामांच्या कामांवर समन्वयक म्हणून असतो. समन्वयक म्हणजे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाला, फायरवाला आणि इलेक्ट्रिकवाला या चौघांची भांडणं जागेवर होण्याऐवजी पडद्यावर व्हावीत हे बघणारा माणूस.

आधी थोडक्यात, बिम म्हणजे काय. साध्या कॅड ड्रॉइंगमध्ये खांब म्हणजे चार रेषा. त्या रेषांना आपण खांब आहोत हे माहीत नसतं. बिमच्या मॉडेलमध्ये खांब ही एक वस्तू असते. तिला उंची असते, काँक्रीटचा ग्रेड असतो, ती कोणत्या पायावर उभी आहे हे तिला माहीत असतं. खांब सरकवला की प्लॅनमध्ये, सेक्शनमध्ये आणि मोजमापाच्या तक्त्यात तो एकदमच सरकतो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत चक ईस्टमन यांनी 1970च्या दशकातच इमारतीचं असं वर्णन संगणकात ठेवायची पद्धत मांडली होती. संगणक तेवढे दमदार व्हायला मात्र वेळ लागला.

डिझाइनच्या टप्प्यावर याचा फायदा सगळ्यांना पटकन कळतो, म्हणून मी तिथे फार रेंगाळत नाही. गोदामाच्या छताखाली स्प्रिंकलरचा मोठा पाइप जातो, तिथेच स्टीलचं तिरकं ब्रेसिंग येतं, आणि तिथूनच केबल ट्रे न्यायचा इलेक्ट्रिकवाल्याचा हट्ट असतो. तिन्ही मॉडेलं एकावर एक ठेवली की टक्कर दिसते. पडद्यावर पाइप हलवायला दहा मिनिटं लागतात. बारा मीटर उंचीवर, क्रेन लावून, वेल्डर थांबवून हलवायला किती लागतात ते ज्यानं बिल भरलंय त्याला विचारा.

बांधकामाच्या टप्प्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे नागपूर मेट्रो. महामेट्रोने तिथे 5डी बिम वापरलं. लांबी, रुंदी, उंची ही तीन परिमाणं, चौथं वेळ, पाचवं पैसा. म्हणजे मॉडेलमधला प्रत्येक भाग वेळापत्रकातल्या कामाशी आणि खर्चाच्या बाबीशी जोडलेला. अमुक खांबाचं काम झालं की कामाची प्रगती आणि बिल एकाच ठिकाणी दिसतं. खापरी ते सीताबर्डी ही गाडी मार्च 2019 मध्ये सुरू झाली, आणि पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये पूर्णपणे खुला झाला. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बांधकाम संपल्यावर हीच माहिती देखभालीसाठी वापरायची, हा विचार तिथे सुरुवातीलाच केलेला होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बिम बांधकामापाशीच संपतं. टेंडरमध्ये शब्द असतो, प्रेझेंटेशनला गोल फिरणारं चित्र असतं, आणि काम संपलं की मॉडेल कन्सल्टंटच्या सर्व्हरवर झोपतं.

आता तुम्ही म्हणाल, झोपू दे, इमारत तर उभी राहिली ना? तर एक आकडा सांगतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधली आणि कागदातली माहिती एकमेकांना न जुळल्यामुळे तिथल्या मोठ्या इमारती आणि कारखान्यांच्या क्षेत्राचं वर्षाला 15.8 अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा त्यांचा अंदाज. त्यातला सुमारे दोनतृतीयांश भार आर्किटेक्ट किंवा ठेकेदारावर पडत नाही, तो मालकावर आणि इमारत चालवणाऱ्यावर पडतो. माहिती तयार करणारा एक आणि तिच्या अभावी भोगणारा दुसरा. म्हणून तयार करणाऱ्याला घाई नसते.

भिवंडीत हे जास्त टोचतं, कारण इथे गोदामात राहणारा बदलत असतो. आज बिस्किटं, तीन वर्षांनी गाद्या, मग ऑनलाइन विक्रीचा माल. इमारत तीच, वापर वेगळा.

स्प्रिंकलरचंच घ्या. लोकांना वाटतं, स्प्रिंकलर आहेत म्हणजे झालं. तसं नसतं. गोदामात किती पाणी, किती जागेवर, किती दाबाने पडायला हवं, हे आत काय ठेवलंय त्यावरून काढतात. खोक्यातली बिस्किटं आणि फोमच्या गाद्या यांची आग एकसारखी नसते. प्लास्टिक आणि फोम फार वेगाने आणि फार उष्णता देत जळतात. माल किती उंच रचलाय, रॅकवर आहे की जमिनीवर, वरच्या थरापासून छतापर्यंत अंतर किती, यावर सगळं गणित बदलतं. त्यावरूनच स्प्रिंकलरचं तोंड, पंप आणि टाकीचा आकार ठरतो. म्हणजे त्या यंत्रणेच्या पोटात एक गृहीतक असतं: इथे अमुक प्रकारचा माल, अमुक उंचीपर्यंत.

हे गृहीतक लिहिलेलं कुठे असतं? फायर कन्सल्टंटच्या डिझाइन रिपोर्टमध्ये, बहुधा पाचव्या-सहाव्या पानावर. नव्या भाडेकरूला तो रिपोर्ट कुणी देत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी भरावा लागतो, लायसन्सवाली एजन्सी येऊन तपासते. पंप चालू होतो का, दाब येतो का, हे ती बघते, आणि ते बघायलाच हवं. पण चालणारी यंत्रणा आतल्या मालाला पुरेशी आहे का, हे ठरवायला मूळ गृहीतक हातात लागतं. एका गोदामात मी ते मागितलं तेव्हा मालकाने मला ठेकेदाराकडे पाठवलं, ठेकेदाराने कन्सल्टंटकडे, आणि कन्सल्टंटकडचा तो इंजिनिअर दुबईला गेलेला. मॉडेलमध्ये त्या स्प्रिंकलरच्या झोनला ही एक ओळ जोडलेली असती तर आठ दिवस वाचले असते. त्या आठ दिवसांत माल भरायचं काम कुणी थांबवलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

भिवंडीत बसून इमारतीच्या माहितीबद्दल बोलायचं आणि दोन तारखा टाळायच्या, हे मला जमणार नाही. 21 सप्टेंबर 2020 ला पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत कोसळली, लोक झोपेत होते, किमान 38 माणसं गेली. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली, खाली गोदाम, वर राहणारी कुटुंबं. या दोन्ही ठिकाणी बिम असतं तर माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे सॉफ्टवेअर विकणं झालं. जिथे परवानगीचाच पत्ता नसतो तिथे मॉडेल कोण करणार? पण या स्लॅबवर किती भार चालतो, हा साधा प्रश्न विचारला तर भिवंडीतल्या किती गाळ्यांचा मालक कागद काढून दाखवेल? यंत्र वाढतं, पोटमाळा टाकला जातो, छतावर टॉवर बसतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच: इतकी वर्षं उभी आहे ना.

लंडनला 14 जून 2017 ला ग्रेनफेल टॉवर जळाला, 72 माणसं गेली. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या समितीने इमारतीच्या माहितीचा एक अखंड धागा असावा असं सुचवलं. डिझाइनपासून वापरापर्यंत, कुणी काय बदललं आणि का, हे डिजिटल स्वरूपात सांभाळलेलं. 2022 च्या कायद्याने तिथल्या उंच निवासी इमारतींना ते बंधनकारक झालं. आपल्याकडे कायद्याची वाट बघायची गरज नाही, मालकाने करारात लिहिलं तरी सुरुवात होते.

पण लिहायचं काय? आयएसओ 19650 नावाचं मानक आहे. त्याचा तिसरा भाग, 2020 चा, इमारत चालवण्याच्या टप्प्याबद्दलच आहे. त्याचा गाभा इतकाच की मालकाने आधी ठरवायचं, मला कोणती माहिती कधी हवी. काही मालक परदेशातून दोनशे पानांचा मसुदा उचलून टेंडरला जोडतात. कुणी वाचत नाही, मॉडेलमध्ये प्रत्येक बोल्ट येतो आणि पंपाची वॉरंटी येत नाही. त्यापेक्षा एक पान परवडलं. गोदामासाठी मी त्या एका पानावर जमिनीची भारक्षमता आणि जॉइंट कुठे आहेत ते लिहीन, कारण रॅकचा पाय जॉइंटवर आला की लादी तुटायला लागते. स्प्रिंकलरचं गृहीतक लिहीन. जमिनीखालच्या केबल आणि पाइप किती खोल आहेत ते, पावसाळी नाल्याच्या तळाची पातळी, आणि छतावर आणखी किती वजन चालेल ते. आजकाल सगळ्यांना वर सोलर टाकायचं असतं.

हे सगळं खरं असायला हवं, हीच मोठी गोम आहे. मॉडेलमध्ये केबल भिंतीपासून एक मीटरवर आणि जागेवर मिस्त्रीने खडक लागला म्हणून दोन मीटरवर वळवलेली, तर ते मॉडेल नसलेलं बरं. म्हणून चर बुजवण्याआधी मोजमाप आणि फोटो घ्यायचे. बुजवल्यानंतर कुणालाच काही आठवत नाही. शिवाय शेवटच्या बिलाचा एक हिस्सा ही माहिती जागेवर पडताळून झाल्यावरच सोडायचा. ठेकेदार कुरकुरतात, पण करतात.

गोदाम चालवतो तो माणूस बहुतेक वेळा इलेक्ट्रिशियन कम सुपरवायझर असतो, हातात फोन. त्याने रेव्हिट शिकावं ही अपेक्षा चुकीची. पंपावर, पॅनेलवर क्यूआर कोड लावा, फोन धरला की क्षमता, बसवल्याची तारीख, सर्व्हिसचा नंबर आणि मागच्या दुरुस्तीची नोंद दिसली पाहिजे. मूळ मॉडेल आयएफसी या खुल्या फॉर्मॅटमध्येही मागून ठेवा, आणि यंत्रांची यादी साध्या तक्त्यात. पंधरा वर्षांनी आजचं सॉफ्टवेअर असेलच असं नाही, तक्ता मात्र कुणीही उघडेल.

जुन्या इमारतींचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लेझर स्कॅन करून मॉडेल बनवता येतं, आणि गोदामासारख्या मोकळ्या जागेत ते कामही झटपट होतं. पण स्कॅनर पृष्ठभाग बघतो. प्लास्टरच्या आतली सळई किती जाडीची आहे, किती गंजली आहे, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्याच कराव्या लागतात, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. 30 वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. ते कराल तेव्हा रिपोर्टची फाइल कपाटात टाकू नका. कोणत्या खांबाचा नमुना घेतला आणि काय निघालं, हे त्या त्या खांबाच्या नावाने मॉडेलमध्ये, नाहीतर निदान प्लॅनवर चढवून घ्या. पुढच्या ऑडिटला येणारा इंजिनिअर तिथूनच सुरू करेल.