नरकद्वारातील बादली



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज आम्ही एका जत्रेविषयी बोलणार आहोत. जत्रा अमेरिकेतली आहे आणि आम्ही अमेरिका पाहिलेली नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, शेजारी शब्दकोश ठेवून. तेव्हा उच्चारात चूक झाली तर पदरात घ्यावी. हिशेबात चूक झाली तर मात्र जाब विचारावा.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागाला दक्षिणेकडे समुद्रकिनारा आहे. त्याला कोनी आयलंड म्हणतात. आठवडाभर शिवणयंत्रावर किंवा गोदीत राबलेली माणसे सुटीच्या दिवशी बायकापोरांसह तेथे जात. त्यांच्यासाठी तेथे तीन मोठ्या करमणूकबागा उभ्या राहिल्या : 1897 साली स्टीपलचेस, 1903 साली लूना पार्क आणि 1904 साली ड्रीमलँड, म्हणजे स्वप्नभूमी. ड्रीमलँड उभारणारे रेनॉल्ड्स हे जमिनींचा व्यवहार करणारे राजकारणी गृहस्थ. सारी बाग त्यांनी पांढरी शुभ्र रंगवली. मधोमध पावणेचारशे फूट उंचीचा मनोरा उभारला आणि बागेत सुमारे दहा लाख विजेचे दिवे लावले. ज्याच्या खोलीत घासलेटची चिमणी जळत असेल त्या मजुराला हे दृश्य पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करावी.

पण श्रोतेहो, त्या पांढऱ्या महालांचा दगड दगड नव्हता. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस व अंबाडीसारखे तंतू यांचे मिश्रण थापायचे, अशी ती रीत. काम झटपट होते, स्वस्त पडते आणि दुरून संगमरवर वाटते. आपल्याकडे गणपतीची आरास करणाऱ्या मंडळींना ही किमया शिकवायला नको. फरक एवढाच, की आपण आरास दहा दिवसांनी उतरवतो आणि त्यांनी ती वर्षानुवर्षे उभी ठेवली.

या बागेत एक इमारत होती, तिचे नाव ‘हेल गेट’, नरकद्वार. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत याच नावाची एक धोक्याची खाडी आहे, तिथल्या भोवऱ्यांची दहशत सर्वांना ठाऊक होती. इमारतीत पाण्याचा मोठा भोवरा केलेला असे. होडीत बसलेली मंडळी त्यावर गोल गोल फिरत मध्याकडे ओढली जात आणि शेवटी होडी एकदम खाली भुयारातल्या कालव्यात उतरे. तेथे पाताळाचे देखावे. मग हसत-ओरडत बाहेर. पैसे देऊन नरक पाहावा आणि सुखरूप घरी यावे, असा तो खेळ.

दुसरा एक खेळ आमच्या मनातून जात नाही. एका सहा मजली चाळीला खोटी आग लावीत. बंब धावत येत, खिडक्यांतून माणसे खाली धरलेल्या जाळीत उड्या मारीत आणि सर्वजण वाचत. टाळ्यांचा कडकडाट होई. टाळ्या वाजवणाऱ्यांत कितीतरी जण तसल्याच चाळींत राहणारे, तसल्याच इमारतींत वरच्या मजल्यांवर कामाला जाणारे.

आता 1911 सालाकडे येऊ. 25 मार्च, शनिवार. न्यूयॉर्कमधील ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात कामाची वेळ संपता संपता आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. आगीसाठीचा बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. बंबवाले आले, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. जाळ्या धरल्या, त्या फाटल्या. 146 माणसे गेली, त्यांत 123 स्त्रिया व मुली. स्वप्नभूमीतली चाळ सहा मजली होती, म्हणून तेथे शिडी पुरत होती. खरा कारखाना त्याहून उंच होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी, 27 मे रोजी, ड्रीमलँडचा हंगाम उघडायचा होता. बाग नव्याने रंगवलेली. नरकद्वाराच्या पन्हळीला मात्र गळती लागली होती. ती डांबराने बुजवण्याचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिले होते आणि त्याची माणसे रात्री दीड-दोनच्या सुमारास काम करीत होती. एकाएकी तेथले दिवे फुटले. अंधार झाला. त्या अंधारात एका मजुराचा पाय उकळत्या डांबराच्या बादलीला लागला आणि बादली कलंडली. पुढचे सांगायला नको. लाकूड, प्लास्टर, रंग आणि समुद्रावरचा वारा. बंबवाल्यांच्या नळांना पुरेसा दाब मिळेना. पहाटेपर्यंत मनोऱ्यासह सगळी स्वप्नभूमी राख झाली. सुदैवाने माणूस दगावला नाही. बागेत डॉक्टर कूनी यांचे एक दालन असे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेथे उबेच्या पेट्यांत ठेवून जगवीत आणि तिकीट काढून आलेल्यांच्या पैशावर तो खर्च चाले. ती बाळे सुखरूप बाहेर काढली. सर्कशीतली सुमारे साठ जनावरे मात्र मेली. अंगावर आग घेऊन पळत सुटलेल्या एका सिंहाला पोलिसांनी गोळ्या घातल्या.

ही हकिकत सांगणारे बहुतेक जण एका वाक्यात सांगतात : एका मजुराने बादली लाथाडली आणि ड्रीमलँड जळाले.

हे वाक्य वाचले आणि आम्ही पुस्तक मिटले, कारण हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला आग लागली. कारखान्याचे नाव घेत नाही. एका हेल्परला चार्जशीट मिळाली, ‘कामातील निष्काळजीपणामुळे मालमत्तेचे नुकसान’. खात्यांतर्गत चौकशीत त्याचा बचाव प्रतिनिधी म्हणून आम्ही बसलो. कायद्याची पदवी आमच्याजवळ नव्हती. आम्ही फक्त तीन प्रश्न विचारले. या माणसाला या वेळी या कामावर कोणी पाठवले? तेथे उजेड किती होता? आणि जे पेटले ते तेथे कोणी साठवले? चौकशी अधिकारी म्हणाले, हे प्रश्न विषयाला सोडून आहेत. आम्ही म्हटले, साहेब, विषय हाच आहे.

हेच तीन प्रश्न नरकद्वारापाशी उभे राहून विचारू. हंगाम सकाळी उघडणार म्हणून गळतीचे काम मध्यरात्री कोणी लावले? ज्या बागेत दहा लाख दिवे, तेथे उकळत्या डांबराशी काम करणाऱ्यासाठी एक भरवशाचा दिवा का नव्हता? आणि ती सारी नगरी लाकूड-प्लास्टरची कोणी बांधली? याच किनाऱ्यावर 1907 साली स्टीपलचेस जळाले होते. त्याच्या मालकाने, टिल्यू यांनी, जळालेले अवशेष पाहायलासुद्धा दहा सेंटांचे तिकीट लावले. व्यापारी मोठा पक्का! पण पुढे त्यांनी करमणुकीचे जे प्रचंड दालन उभारले ते लोखंड आणि काचेचे. बाग 1964 साली बंद झाली, तोवर ते तेथे उभे होते. आगीने ते गेले नाही. 1966 साली माणसांनी पाडले, तेव्हा गेले. म्हणजे 1911 साली दुसरा मार्ग ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, मजुराची चूक नव्हतीच काय? होती. पाय त्याचाच लागला. कामगाराच्या हातून चूक होत नाही असे सांगणारा पुढारी खुशामत करतो. पण अंधारात माणसाचा पाय कशाला तरी लागणारच, हे धरूनच घर बांधायचे असते. एका पायाच्या चुकीने सारे गाव जळत असेल, तर त्या गावाच्या रचनेत दोष आहे.

ट्रँगलच्या मालकांवर खटला झाला आणि डिसेंबर 1911 मध्ये ते सुटले. पण त्या मुलींमागे संघटना होती, मोर्चे निघाले. जून 1911 मध्ये न्यूयॉर्क राज्याला कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि त्यातून दारे, जिने, कवायती यांचे कायदे झाले. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स बाई पुढे 1933 साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. त्याच 1911 साली आपल्याकडे फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. जत्रेला जायला आधी सुटी लागते, श्रोतेहो, आणि ती कोणी दान दिलेली नसते.

ड्रीमलँड पुन्हा उभे राहिले नाही. त्या जागेवर 1957 पासून न्यूयॉर्कचे मत्स्यालय आहे. मुले तेथे काचेपलीकडचे मासे पाहतात.

आमच्या त्या हेल्परचे काय झाले, हे आपण विचाराल. चौकशीत तो दोषी ठरला. कामगार न्यायालयात चार वर्षे गेली. नोकरी परत मिळाली, मागचा पगार मिळाला नाही. आम्हांला ती हारच वाटली. निकालाच्या संध्याकाळी तो म्हणाला, “भाऊ, आग मी लावली नाही हे मला ठाऊक होतं. आता पोरांनाही ठाऊक झालं.”

नरकद्वारातल्या त्या मजुराला हे सांगणारे कोणी भेटले नाही. एवढे सांगावे, म्हणून आज आपला वेळ घेतला.