कामाचा तास, पगाराचा तास

(दोह्यातील मराठी मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



पगार किती, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. पण तो नेमक्या किती तासांचा, हेही आपण विचारत नाही. मी वकील नाही, संशोधक आहे. मोजमाप हा माझा रोजचा उद्योग, म्हणून तासांच्या मोजमापाबद्दलच बोलते.

कतारचा कामगार कायदा २००४ सालचा, क्रमांक १४. त्यातली ७३ ते ७६ ही चार कलमे एकदा जरूर वाचा. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ८; रमजानमध्ये ३६ आणि ६. त्यापुढच्या तासाला बेसिकचा दर आणि वर किमान २५ टक्के. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत, पाळीचे काम नसेल तर, किमान ५० टक्के. जादा वेळ धरूनही दिवसाला १० तासांच्या वर काम नाही. मोठे नुकसान किंवा अपघात टाळायचा असेल तरच अपवाद.

एक हिशेब करू. बेसिक २४०० रियाल, महिना ३० दिवसांचा, दिवस ८ तासांचा. म्हणजे तासाला १० रियाल, जादा तासाला साडेबारा. रोज दोन तास याप्रमाणे २६ दिवस जादा काम केले, तर ६५० रियाल होतात. घरी पाठवायच्या पैशात ही रक्कम लहान नाही.

आता कायदा काय मोजत नाही ते पाहा. जेवण, नमाज आणि विश्रांतीची सुटी मोजत नाही. राहत्या जागेपासून कामापर्यंतचा प्रवासही नाही. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवरून निघालेल्या बसमध्ये जाणारा वेळ कामगाराच्या झोपेतून जातो, पगारात मात्र तो शून्य. पण एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पाठवले, तर तो घर ते काम असा प्रवास नव्हे. माझ्या वाचनाप्रमाणे तो वेळ कामाचाच आहे आणि तो मागायला हवा.

कलम ७६ आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचे. जबाबदारीच्या पदावरच्या माणसांना तासांची मर्यादा लागू नाही. पण त्या पदाला कामगारांवर मालकाचे अधिकार असतील तरच. नुसते कार्डावर 'मॅनेजर' छापले म्हणून ओव्हरटाइम बुडत नाही. अर्थात सरकारी खाती आणि कतार फायनान्शियल सेंटरमधल्या कंपन्या या कायद्याबाहेर आहेत. तेव्हा आपण कोणत्या नियमाखाली येतो, ते आधी करारात पाहा.

हे तास कोणी आपणहून दिलेले नाहीत, हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या होत्या रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. रविवार मिळायला १८९० साल उजाडले.

इथे तो मार्ग आपल्याला नाही. कामगार समिती स्थापण्याचा हक्क कायद्याने फक्त कतारी नागरिकांना दिला आहे. म्हणून आपल्या हातात उरतो तो कागद. रोजची येण्याजाण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा आणि पगाराची स्लिप जपून ठेवा. तक्रार कामगार मंत्रालयाकडे करता येते. समेट झाला नाही, तर प्रकरण २०१७ च्या कायद्याने नेमलेल्या तंटा समितीकडे जाते. पहिल्या सुनावणीपासून तीन आठवड्यांत निकाल द्यावा, असे तो कायदा सांगतो. करार संपल्यापासून एक वर्ष उलटले की दावा बाद होतो. "गावी गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यांचे पैसे याच एका वर्षात बुडतात.

आता थोडे अवघड बोलते. आपल्यापैकी अनेकजण दुसऱ्यांच्या टाइमशीटवर सही करतात. टेक्निशियन रात्री दहापर्यंत थांबला आणि शीटवर सहा लिहिले असेल, तर खालची सही आपली असते. आपल्या घरांतही कामाला बाई असते, ड्रायव्हर असतो. २००४ चा कायदा त्यांना लागू नाही, पण २०१७ चा क्रमांक १५ चा कायदा लागू आहे: वेगळे ठरले नसेल तर दिवसाला जास्तीत जास्त १० तास आणि आठवड्याला सलग २४ तासांची भरपगारी सुटी. पाहुणे उशिरा गेले आणि भांडी रात्री बाराला घासली गेली, तर तेही तास आहेत. २० मार्च २०२१ पासून किमान बेसिक १००० रियाल आहे, आणि तोही त्यांना लागू आहे.

स्वतःचे तास मागताना आपल्याला संकोच वाटतो, आणि दुसऱ्याचे मोजताना आपण विसरतो. या महिन्यात दोनच गोष्टी करा. आपला करार काढून कामाचे तास आणि बेसिक किती लिहिले आहे ते वाचा. आणि पुढची टाइमशीट सहीला आली, की सही करण्याआधी त्या माणसाला विचारा, "खरे किती वाजता सुटलास?"