आपलं घर किती फुटाला?

पेरणीची गडबड आहे, ठाऊक आहे. तरी आजच बोलून घेतो. कृष्णामाई एकदा चढायला लागली की ऐकायला कुणाला सवड नसते.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमचं घर किती फुटाला आहे?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची मोजतात. तिथं ४० फूट झालं की इशारा पातळी आणि ४५ झालं की धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पंचावन्नच्या जवळ. हे आकडे आपण पावसाळ्यात रोज ऐकतो आणि सोडून देतो. कारण ४५ म्हटल्यावर पाणी आपल्या उंबऱ्याला लागलं, गोठ्यात आलं की अजून लांब आहे, हे त्या आकड्यात नसतं. ते आपल्याच घराला ठाऊक असतं.

म्हणून आम्ही आमच्या गटांमध्ये एक काम काढलं. प्रत्येकीनं घरातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, आयर्विनला किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी आलं होतं? गोठ्यात कधी आलं? गावाबाहेर जायचा रस्ता कधी बंद झाला? सांगली लांब असेल तर आपल्या गावचा घाट, देवळाच्या पायऱ्या, ओढ्यावरचा पूल, काहीही खूण धरा. हे आकडे भिंतीवर खडूनं लिहायचे. बऱ्याच जणींच्या लक्षात आलं की घरात पाणी यायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. म्हणजे आपला खरा आकडा रस्त्याचा, घराचा नाही. त्याच्या आधी निघायचं.

आता कुणी म्हणेल, आमच्यात २००५ ला सुद्धा पाणी आलं नव्हतं. मैत्रिणींनो, २०१९ ला घात झाला तो याच वाक्यानं. २००५ ची खूण बघून माणसं घरात थांबली आणि पाणी ती खूण ओलांडून वर गेलं. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ आपल्याला विसरता येत नाही. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं ते गाव. चारी बाजूंनी पाणी झाल्यावर ८ ऑगस्ट २०१९ ला लोक नावेतून बाहेर निघाले, नावेत माणसं जास्त झाली आणि ती उलटली. सतराजण गेले. त्यात बायका आणि लेकरंच जास्त. त्या माउल्यांची काही चूक नव्हती. पण शेवटी नावच उरते अशी वेळ आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठी आकडा लिहायचा.

आपली नदी तशी सांगून येते. महाबळेश्वर, नवजा, कोयना भागात पाऊस झाला की धरणाचा विसर्ग वाढतो, ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून खाली उतरतं आणि सांगलीपर्यंत यायला बरेच तास जातात. बातम्यांत क्युसेक म्हणतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, मोठ्या दोन कळशा समजा. कोयनेतून पन्नास हजार क्युसेक सुटलं म्हणजे दर सेकंदाला लाखभर कळशा निघाल्या. पाटणकडच्या बायकांना मात्र एवढा वेळ मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं घरांवर डोंगर आला. डोंगराखालच्या घरांना आमचं सांगणं वेगळं आहे. उताराला भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर फुटांची वाट बघू नका. उजेड असतानाच घर सोडा.

निघायचं का नाही, यावरून घराघरात वाद होतो. "तू पोरांना घेऊन हो पुढं, मी जनावरांपाशी थांबतो." हे वाक्य कोणत्या घरात झालं नाही? आम्हांला वाटतं, यावर उपाय एकच. माणसांच्या आधी जनावरं हलवायची. आयर्विनला ४० म्हटलं की म्हशी-गाई उंचावरच्या गावात, पाहुण्यांकडं. कुणाच्या गोठ्यात किती दावी बांधता येतील आणि वैरण कुणाची, हे आत्ताच ठरवून ठेवा. गोठा रिकामा झाला की पुरुषाला मागं थांबायला कारण उरत नाही. आणि एकटं घर हलत नाही, गल्ली हलते. म्हणून गटानं मिळून ठरवलं की घरातल्या मोठ्यांनाही ऐकावं लागतं. कुणाच्या सासऱ्यांनी सुनेचं ऐकलं नसतं, पण दहा बायका दारात उभ्या राहिल्यावर मुकाट्यानं चपला घातल्या, हे आम्ही पाहिलंय.

माडीवर राहू म्हणणं हा आमच्या मते सगळ्यात वाईट बेत. पाणी माडीवर आलं नाही असं धरू. पण चार-पाच दिवस लाईट नाही, प्यायला पाणी नाही, संडासाला जायची सोय नाही. बाईमाणसाचे त्यात काय हाल होतात, ते इथं उघड बोलायची गरज नाही.

आता लाईटचं. पूर आला की महावितरणला उपकेंद्रं बंद ठेवावी लागतात, पाण्यात तारा चालू ठेवता येत नाहीत. म्हणजे पाणी ज्यांच्या दारापर्यंत आलंच नाही, त्यांचेही दिवसच्या दिवस अंधारात जातात. माण, खटाव, आटपाडी, जतच्या मैत्रिणी म्हणत असतील, आमच्याकडं कुठला पूर? पण वळवाच्या वादळात खांब पडले की तुमची रात्रही तीच. पंप बंद, गिरणी बंद, मोबाईल बंद.

म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांचं पीठ दळून ठेवा. चूल नाही पेटली तरी पोट भरेल असं काहीतरी घरात हवंच. आपल्याकडं भडंग आहे, शेंगदाणे-गूळ आहे, पोहे आहेत. निघायच्या दिवशी दशम्या नाहीतर धपाटे करून घेतले तर दोन दिवस जातात. पाण्याचा हिशेब करा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार-पाच लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला तीन दिवसांना साठ-सत्तर लिटर. तेवढी झाकणाची कॅनं भरून वर ठेवा. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं, बोअरचं पाणी उकळून घ्या, नाहीतर मेडिक्लोर टाका. किती थेंब ते बाटलीवर असतं. आशाताईंकडं मागा.

घरात एक साधा बटणाचा मोबाईल असू द्या, त्याची बॅटरी जास्त दिवस पुरते. तो चार्ज करून बंद ठेवायचा आणि ठरल्या वेळी दिवसातून दोनदा सुरू करायचा. मेणबत्तीपेक्षा सोलरचा कंदील बरा, पोरांच्या अंथरुणाशेजारी मेणबत्ती नकोच. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी फ्रिज बंद पडल्यावर घाबरू नये. बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून गार माठात ठेवा, डबीत पाणी जाऊ देऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आणून ठेवा. आणि सातवा महिना लागलेली लेक-सून पूररेषेतल्या गावात ठेवू नका, आधीच दवाखाना जवळ असलेल्या नातेवाइकांकडं पाठवा.

घर सोडताना मेन स्विच खाली. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खांबाला दोरीनं बांधा, अर्धा रिकामा असला तर तो तरंगत जातो. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, लस टोचल्याचं कार्ड हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्याच पिशवीत गटाची वही. कुणाचं किती कर्ज, किती बचत, हे त्या वहीत आहे. ती भिजली तर भांडणं आपल्यातच लागतात. सचिवताईंनी दर महिन्याला शेवटच्या पानांचा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकावा.

मोबाईलवर आणखी काही फोटो आत्ताच काढा. घराचे चारी बाजूंनी, गोठ्याचे, शिलाई मशीनचा, आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा. पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक पंचनाम्याला येतात तेव्हा बाईच्या तोंडी सांगण्याला वजन येत नाही, फोटोला येतं. घर पुरुषाच्या नावावर असतं, पण पिठाची चक्की आणि शेळ्या आपल्या. त्या पंचनाम्यात आल्या का, हे सही व्हायच्या आधी वाचून घ्या.

परत आल्यावर घाई करू नका. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर ढासळतात. पहिल्या दिवशी आत झोपू नका. अंथरूण, भांडी काठीनं हलवून मगच हात घाला, साप-विंचू तिथंच असतात. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. ताप आला तर अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जा आणि पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा.

आता वही-पेन घ्या, नंबर सांगतो. पोलीस आणि कुठल्याही तातडीच्या मदतीला ११२. रुग्णवाहिका १०८. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. विजेची तार तुटली, खांब पडला तर महावितरण १९१२. परत सांगतो, ११२, १०८, १०७७, १९१२. फोन बंद पडला की त्यातले नंबरही जातात, म्हणून भिंतीवर, फुटांच्या आकड्याशेजारीच लिहा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला आकडा आणायचा आहे, हजेरीच्या वेळी नावापुढं तोच घेणार आहोत.