थांबायचं की निघायचं?

(युवा शिबिरात एका वकील कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातलीच एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "आपा, क्लॅटमधून लांबच्या राज्यातलं एक विधी विद्यापीठ मिळतंय. सीईटीचे गुण बरे आहेत, पुण्यात अनुदानित कॉलेज मिळेल. क्लासवाले म्हणतात, एक वर्ष ड्रॉप घे, मुंबई नक्की. काय करू?" मी विचारलं, "घरचे काय म्हणतात?" ती जरा थांबली. "अब्बा म्हणतात, वर्षभर घरीच बसणार असशील तर एकीकडे स्थळंही बघू."

मी आज दुसऱ्याच विषयावर बोलणार होते. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून यावरच बोलते.

आधी माझं सांगते. बारावीनंतर मीही ड्रॉप घेतला होता. कारण विचाराल तर, मामांच्या मुलीला चांगलं कॉलेज मिळालं होतं आणि मला नाही. अम्मीने बांगड्या गहाण ठेवून क्लासची फी भरली. दुसऱ्या वेळी क्रमांक थोडा वर आला, पण त्याने काही बदललं नाही. शेवटी आमच्या जिल्ह्याच्या कॉलेजातच नाव घातलं. ते तर आदल्या वर्षीही मिळत होतं. वर्ष गेलं याचं मला फार दुःख नाही. पण "का थांबतेस?" हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमचे गुण नेमके कुठे गेले?

क्लॅट म्हणजे दोन तासांत १२० प्रश्न. एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्याच मिनिटात उतारा वाचायचा. सगळा पेपर इंग्रजीत. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापतात. तीस उत्तरं चुकली तर साडेसात गुण गेले. तुम्ही मराठी किंवा उर्दू माध्यमातून आला असाल, बुद्धी आहे पण इंग्रजी वाचायचा वेग कमी पडला, शेवटचे वीस प्रश्न वाचायचेच राहिले, तर ते दुखणं सरावाने बरं होतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं असंच झालं होतं. त्याने रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय घड्याळ लावून वाचलं. दुसऱ्या वेळी त्याला फळ मिळालं. त्याचं थांबणं बरोबर होतं, कारण काय दुरुस्त करायचं ते त्याला माहीत होतं. पण पेपर पूर्ण सोडवला, सराव परीक्षांतही तेवढेच गुण पडत होते, तर वर्ष वाढवून काय बदलणार आहे, ते आधी कागदावर लिहा.

दुसरं, कॅलेंडर बघा. क्लॅट आता डिसेंबरमध्ये होते. जूनमध्ये थांबायचं ठरवलं तर हातात वर्ष नाही, जेमतेम सहा महिने असतात. त्यानंतर पुढच्या जुलैपर्यंत नुसती वाट पाहायची. ते सहा महिने घरी कसे जातील, हे मुलींना मी सांगायला नको. म्हणून एक तिसरा रस्ता सांगते. प्रवेश घ्या, कॉलेजला जा आणि डिसेंबरमध्ये क्लॅट पुन्हा द्या. क्लॅटला वयाची वरची मर्यादा नाही. फक्त प्रवेश रद्द केला तर किती फी बुडेल आणि मूळ कागद कधी परत मिळतील, हे आधी लेखी विचारून घ्या.

तिसरं, पैसा. याबद्दल बोलायला आपण लाजतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांचा खर्च, राहणं-जेवण धरून, दहा लाखांच्या पुढे सहज जातो. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात वर्षाची फी काही हजारांत भागते. ते कॉलेज १८५५ सालचं आहे. बाबासाहेब आंबेडकर आणि असफ फैजी हे दोघंही तिथे प्राचार्य होते.

आणि कागदपत्रं! तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र नसल्यामुळे आपली मुलं खुल्या गटात जातात. ओबीसीत नसाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला बघा. २०२४-२५ पासून राज्यात कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. ज्या मुलीला फी माफ होऊ शकते, तिच्या अम्मीने बांगड्या का गहाण ठेवायच्या?

चौथं, तुम्हाला व्हायचंय काय? मोठ्या कंपन्यांच्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर विद्यापीठाच्या नावाने फरक पडतो, तो नाकारून चालणार नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. तिथे तुमची कोर्टातली वर्षं मोजतात. आणि जिल्हा न्यायालयात उभं राहायचं असेल तर पक्षकार विचारतो, "मॅडम, तारीख कधी?" कॉलेज कुठलं, हे मला आजवर एकाही पक्षकाराने विचारलेलं नाही.

आमच्या कॉलेजात ग्रंथालय संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. मी सकाळचे तास संपवून अकराला कोर्टात जाऊन एका ज्येष्ठ वकीलसाहेबांच्या मागे बसायचे. वकालतनामा कसा भरायचा, बाईला पोटगीच्या अर्जात काय विचारायचं, हे तिथे शिकले. साधं कॉलेज मिळालं तर ही पायपीट स्वतः करावी लागते, एवढं मनात धरून जा.

आता त्या मुलीसाठी. बेटा, अब्बा तुझे वैरी नाहीत. त्यांना तुझं थांबणं रिकामं दिसतंय, कारण तू त्यांना तारखा दाखवलेल्या नाहीत. आज रात्री एक कागद घे. तिन्ही रस्ते लिही, प्रत्येकापुढे खर्च लिही, महिने लिही, आणि थांबायचं असेल तर काय दुरुस्त करणार ते लिही. तो कागद त्यांच्यासमोर ठेव. थांबायचं कारण एका ओळीत लिहिता आलं नाही, तर बॅग भर. लिहिता आलं तर थांब, पण स्थळाची बोलणी डिसेंबरच्या पेपरापर्यंत बंद, हे त्याच कागदावर लिहून घे.

आणि अब्बा ऐकत नसतील तर मला फोन कर. मी घरी येईन. चहा मात्र लागेल.