पायाच्या मुंग्या

मंडळी, अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात आणि चार पावलं टाकली की जातात. त्यांच्याबद्दल आम्हांला बोलायचं नाही. महिनोन्महिने दोन्ही पावलांत राहणाऱ्या मुंग्या, रात्री जळजळणारे तळवे, पायातून निसटलेली चप्पल न कळणं, याबद्दल बोलायचं आहे. आपल्या घरांत यावर ‘वय झालं’ म्हणतात आणि तेल चोळतात. तेलाला आमचा विरोध नाही, पण त्यात महिने जातात.

मधुमेह हे मोठं कारण. दुसरं, बी-१२ची कमतरता. शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं. चहापुरतं दूध घेणाऱ्याला ते पुरत नाही. त्यात मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी बी-१२ उतरू शकतं. म्हणजे साखर आटोक्यात, हिमोग्लोबिन उत्तम, आणि मुंग्या चालूच! गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांकडे बी-१२चा विषय आपणच काढा. दुकानातून शक्तीच्या गोळ्या आणण्याआधी रक्त तपासा, नाहीतर आकडा फसवा येतो. फार उशीर झाला तर नसांची हानी पूर्ण भरून येत नाही.

जाताना औषधांची पाकिटं न्या. मुंग्या केव्हापासून आहेत, वर चढताहेत का, हे सांगा. पायमोजे काढून पाय दाखवा, लाजू नका.

मात्र एकाएकी एक बाजू बधिर किंवा लुळी पडली, पायांतली शक्ती झपाट्यानं जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, तर विसर्जन होऊ द्या म्हणून थांबू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.