गर्भ टिकत नसल्यास पतीचीही तपासणी



दोन-तीन वेळा दिवस राहूनही गर्भ टिकला नाही, की आपल्याकडे पहिला दोष स्त्रीच्या माथी येतो. तिच्या तपासण्या होतात, नवस बोलले जातात, क्वचित दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. पतीचे वीर्य बहुधा तपासलेच जात नाही. तपासले आणि शुक्रजंतूंची संख्या पुरेशी निघाली, की त्याच्यापुरता विषय संपतो. तो तेथे संपू नये.

शुक्रजंतूच्या डोक्यात पित्याचा डीएनए असतो. प्रोटामिन नावाच्या प्रथिनांनी तो गाठोड्यासारखा घट्ट आवळलेला असतो. या धाग्याला तुटी पडल्या तर पक्व शुक्रजंतूस त्या सांधता येत नाहीत. स्त्रीबीज काही तुटी दुरुस्त करते, परंतु त्यालाही मर्यादा आहे. अशा तुटींचे प्रमाण अधिक असणे आणि वारंवार गर्भपात होणे यांचा संबंध संशोधनात आढळला आहे.

तंबाखू, दीर्घ ज्वर, जंतुसंसर्ग, अंडकोशातील फुगलेल्या नीला, वाढते वय आणि उष्णता ही तुटींची प्रमुख कारणे होत. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. कडेगाव-खानापूर भागातील कित्येक तरुण सोन्याचांदीच्या गलाईसाठी परप्रांती असतात आणि भट्टीपुढे बसणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो. म्हणून गलाईचा प्रत्येक कारागीर बाधित असतो असे नव्हे. मात्र वैद्यास व्यवसाय सांगणे अगत्याचे आहे.

नेहमीच्या तपासणीत संख्या, हालचाल आणि आकार दिसतो. तुटी दिसत नाहीत. त्यांसाठी वेगळ्या पद्धती आहेत. एका पद्धतीत आम्लप्रक्रियेनंतर अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हा रंग देतात. अखंड डीएनए हिरवा, तुटलेला तांबडा चमकतो आणि यंत्र हजारो शुक्रजंतू मोजते. दुसरीत अखंड डीएनएभोवती वलय पसरते, तुटलेल्याभोवती ते लहान राहते वा उमटतच नाही. ‘कॉमेट’ पद्धतीत विद्युत्प्रवाहाने तुटलेले तुकडे धूमकेतूच्या शेपटीसारखे ओढले जातात.

तरीही ही तपासणी सरसकट करावयाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या पुस्तिकेत ती नित्य तपासणीत न घालता विस्तारित तपासण्यांत घातली आहे. रंगाच्या पद्धतीत ३० टक्क्यांची मर्यादा पुष्कळदा धरतात, परंतु त्यावरील पुरुषांनाही निरोगी अपत्ये होतात. वारंवार गर्भपात झालेल्या दांपत्यास तिचा खरा उपयोग. कोणी जाहिरात वाचून पहिल्याच महिन्यात पैसे खर्च करू लागला, तर त्यास थांबवावे.

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून तंबाखू सोडल्यावर, ज्वर उतरल्यावर किंवा नीलांवर उपचार झाल्यावर फेरतपासणी तीन महिन्यांनी करावी. नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावयाचा असतो. त्यासाठी गलाईवाल्याने दिवाळीला गावी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही; तो ज्या शहरात असेल तेथेच नमुना द्यावा आणि अहवाल पत्नीच्या वैद्याकडे पाठवावा.